महाडीबीटीचा फॉर्म भरला, आता पुढे?

महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचं पोर्टल. निकाल लागला की चुलत-मावस भावंडांचे आणि त्यांच्या मित्रांचे फोन सुरू होतात. प्रश्न एकच, "दादा, आपल्याला कुठली स्कॉलरशिप बसते?" याचं उत्तर तसं सोपं आहे. अनुसूचित जातीचा विद्यार्थी असेल आणि घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. त्यावर गेलं तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी. खुल्या प्रवर्गात आठ लाखांपर्यंत राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला कॉलेजात सगळे अजून ईबीसीच (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) म्हणतात. ईबीसीत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क निम्मं सरकार भरतं. मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने निम्म्याचं पूर्ण झालं. त्यासाठी मुलगी ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश, एवढं जुळलं पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला असेल तर ईबीसी विसरा.

मी इंजिनिअरिंग ईबीसीवर केलं आणि पुढे होस्टेलवर पोरांचे फॉर्म भरून देणं माझ्याच गळ्यात पडलं. त्यात एक दिसलं. फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही. गाडी अडते ती त्याआधी दाखल्यांवर, किंवा नंतर कुणाच्या तरी लॉगिनमध्ये.

आधी दाखले. उत्पन्नाचा एक वर्षाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. पोरं हुशारी करून फेब्रुवारीत काढून ठेवतात आणि जुलैत तो कागद निरुपयोगी असतो. एप्रिल उजाडला की काढा. जूनमध्ये सेतूवर झुंबड उडते, तलाठ्याकडेही तीच गत. दाखल्यावर बारकोड असतो, तो नंबर पोर्टलवर टाकला की माहिती आपोआप उचलली जाते. त्यामुळे नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय का, हे दाखला हातात पडल्यावर तिथेच उभं राहून बघा. राखीव प्रवर्गातल्यांनी व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत टाकावा. ते काम महिनोनमहिने लोंबकळू शकतं. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती), एसबीसीवाल्यांचं (विशेष मागास प्रवर्ग) नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्रही त्याच वेळी बघून घ्या.

फॉर्म सबमिट केला की तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग संबंधित खात्याच्या. बहुतेक फॉर्म पहिल्याच टप्प्यावर झोपतात. हजारो मुलांमागे शिष्यवृत्ती विभागात दोन माणसं, शिवाय परीक्षा फॉर्मचं कामही त्यांच्याच डोक्यावर. तेव्हा स्टेटस बघत राहा आणि तो हललेला दिसत नसेल तर अर्जाचा आयडी चिठ्ठीवर लिहून खिडकीशी जा. "सर, स्कॉलरशिपचं काय झालं?" असं मोघम विचारलं तर "होईल, होईल" एवढंच ऐकायला मिळतं. "सर, हा आयडी अजून तुमच्याच डेस्कला दिसतोय, काही कागद कमी आहे का?" असं विचारलं की ते स्क्रीन उघडतात. आमच्या एका मित्राचा अर्ज अस्पष्ट स्कॅन केलेल्या रेशनकार्डामुळे परत आला होता. मेसेज गेला तो फॉर्म भरताना दिलेल्या नंबरवर, आणि तो नंबर सायबर कॅफेवाल्याचा होता! नंबर स्वतःचाच द्या, आधारला जोडलेला.

आता बँक. पासबुकावर आधार नंबर नोंदवलेला असला म्हणजे काम झालं, असं घरातले सांगतात. ते पुरेसं नाही. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत तुमच्या आधारसमोर ज्या बँकेचं नाव आहे तिथे जातात. एका आधारसमोर एकच बँक, आणि ती शेवटी सीडिंग केलेली, म्हणजे आधारशी जोडलेली. शाळेत असताना काढलेलं झिरो बॅलन्स खातं, मध्येच कुणाच्या आग्रहाखातर उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं, यांत पैसे जमा होऊन पडतात आणि मुलगा इकडे वाट बघत बसतो. यूआयडीएआयच्या माय आधार पोर्टलवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. खातं बंद असेल तर शाखेत जाऊन चालू खात्याला सीडिंगचा फॉर्म द्या.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत आणखी एक मेख आहे. केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६० आणि ४० टक्के. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. घरात अडचण असताना खात्यात एवढी रक्कम दिसली की ती आपलीच वाटते, मोटारीची दुरुस्ती, बहिणीचं लग्न, काहीही निघतं. मग कॉलेज निकाल नाहीतर टीसी अडवायला बघतं. ज्या दिवशी जमा होईल त्याच दिवशी भरून पावती घ्या.

राहण्या-जेवणाचा खर्च वेगळाच. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, त्यात भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, तर ईबीसीवाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. हे पैसे मिळतात, पण मेसवाल्याच्या तारखेला मिळत नाहीत. मी पहिलं सत्र घरच्या पैशावर आणि शिकवण्यांवर काढलं, आणि माझ्या मते प्रत्येकाने तेवढी सोय आधी बघावी. कर्ज काढायचंच झालं तर पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेतल्या संस्थांची यादी आधी तपासा. त्या यादीतल्या संस्थेत प्रवेश असेल तर तारण आणि जामीनदार लागत नाही. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असताना ३ टक्के व्याजसवलतही मिळू शकते.

आणि दुसऱ्या वर्षी रिन्यूअल स्वतः भरावं लागतं, आपोआप होत नाही. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली असेल तर क्लार्कला भेटण्याआधी वर्गशिक्षकांना भेटा.