उत्तर बरोबर, समज चुकीची: जीवशास्त्राच्या चाचण्यांतील या चुका टाळा

नववी-दहावीच्या घटक चाचणीत ‘प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?’ हा प्रश्न विचारला, तर वर्गातील बहुतेक विद्यार्थी पैकीच्या पैकी गुण मिळवतात. त्याच विद्यार्थ्यांना ‘शाळेच्या आवारातील आंब्याच्या झाडाचे लाकूड कशापासून तयार झाले?’ असे विचारले, तर ‘मातीतून’ हे उत्तर पुष्कळांकडून येते. व्याख्या पाठ असलेला विद्यार्थी तीच व्याख्या झाडाला लावून पाहत नाही आणि आपली चाचणी त्याला तसे करायला लावत नाही. वनस्पती आणि मानवी शरीर हे दोन्ही विषय मुलांच्या रोजच्या अनुभवातले असल्यामुळे त्यांच्याविषयीच्या समजुती शाळेत येण्यापूर्वीच घट्ट झालेल्या असतात. त्या समजुती चाचणीत दिसल्या नाहीत, तर त्या गेल्या असे मानून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. येथे ज्या चुकांचा विचार केला आहे, त्यांतील बहुतेक चुका प्रश्न काढणाऱ्याच्या आहेत.

पुस्तकातील वाक्यच परत मागणे

पाठ्यपुस्तकातील वाक्याचा एक शब्द गाळून रिकामी जागा करायची किंवा स्वाध्यायातील प्रश्न जसाच्या तसा घ्यायचा, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. असे प्रश्न पूर्णपणे टाळावेत असे नाही, कारण संज्ञा माहीत असणे आवश्यकच आहे. मात्र संपूर्ण चाचणी त्यांचीच असेल, तर तिच्यातून स्मरणाखेरीज काहीही कळत नाही. समज तपासायची असेल, तर पुस्तकात नसलेली परिस्थिती विद्यार्थ्यासमोर ठेवावी लागते, आणि ती शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

व्हॅन हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाचा विलो या झाडाच्या रोपावरील प्रयोग त्यासाठी उत्तम आहे. त्याने केलेले या प्रयोगाचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झाले. वाळवून वजन केलेल्या मातीत त्याने रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. या काळात झाडाचे वजन सुमारे ७४ किलोने वाढले, तर मातीचे वजन जेमतेम ६० ग्रॅमच्या आसपास घटले. ही आकडेवारी देऊन ‘वाढलेले वजन कोठून आले?’ एवढेच विचारावे. ‘मातीतील क्षारांतून’ असे लिहिणाऱ्याने समोरची आकडेवारी वाचलीच नाही, किंवा वाचूनही जुनी समजूत सोडली नाही. ‘पाण्यातून’ असे लिहिणारा स्वतः हेल्मॉन्टच्याच निष्कर्षापर्यंत पोहोचला आहे, आणि त्याला हवेचा विचार करायला लावला की तो पुढे जातो. ‘सूर्यप्रकाशातून’ असे लिहिणाऱ्याचा गोंधळ अधिक खोल आहे, कारण तो ऊर्जा आणि पदार्थ या दोन गोष्टी एकच मानत आहे. झाडाच्या कोरड्या वजनाचा मोठा भाग हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यापासून बनतो, हे ज्याला कळले आहे तोच या प्रश्नाचे उत्तर नीट देऊ शकतो. पूर्ण गुण न मिळालेले हे तीन विद्यार्थी तीन वेगळ्या ठिकाणी अडलेले आहेत, आणि त्या प्रत्येकाला पुढे वेगळी मदत लागणार आहे. केवळ गुणांची नोंद केली, तर हा फरक पुसला जातो.

पर्याय विचारणे आणि कारण न विचारणे

‘हिरव्या वनस्पती श्वसन केव्हा करतात?’ या प्रश्नाला ‘फक्त दिवसा’, ‘फक्त रात्री’, ‘दिवसा आणि रात्री’ व ‘कधीच नाही’ असे चार पर्याय दिले, तर तिसरा पर्याय निवडणाऱ्या प्रत्येकाला आपण गुण देतो. मात्र त्यांतील काही जणांच्या मनात असे असते की, वनस्पती दिवसा कार्बन डायऑक्साइड घेऊन ऑक्सिजन सोडतात व रात्री त्याच्या उलट करतात, म्हणून दोन्ही वेळी श्वसन चालते. म्हणजे प्रकाशसंश्लेषण हेच त्यांच्या दृष्टीने वनस्पतींचे दिवसाचे श्वसन आहे. पर्याय बरोबर आणि समज पूर्णपणे चुकीची, असा हा प्रकार केवळ पर्याय निवडून घेतल्याने कधीच उघड होत नाही.

यावरचा उपाय जुना आहे आणि तो आपल्याकडे फारच कमी वापरला जातो. हॅस्लम आणि ट्रीगस्ट या संशोधकांनी १९८७ मध्ये माध्यमिक विद्यार्थ्यांची प्रकाशसंश्लेषण व श्वसन यांविषयीची समज तपासण्यासाठी दोन पायऱ्यांची चाचणी मांडली. पहिल्या पायरीवर उत्तर निवडायचे आणि दुसऱ्या पायरीवर त्या उत्तराचे कारण निवडायचे, आणि दोन्ही बरोबर असतील तरच ते उत्तर बरोबर धरायचे, अशी तिची रचना आहे. वरील प्रश्नाला ‘पेशींना ऊर्जा सतत लागते’, ‘दिवसा प्रकाशसंश्लेषण हेच श्वसन असते’, ‘रात्री पर्णरंध्रे उघडतात’ आणि ‘वनस्पतींना फुफ्फुसे नसतात’ अशी कारणे जोडली की चित्र स्पष्ट होते. ही चुकीची कारणे शिक्षकाने कल्पनेने रचू नयेत. आदल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांत मुलांनी स्वतः लिहिलेली वाक्ये हाच त्यांचा खरा साठा आहे, आणि मुलांच्या भाषेतील चुकीचे कारण मुलांना खरेखुरे आकर्षित करते. रात्री झाडाखाली झोपू नये, कारण झाड विषारी वायू सोडते, ही घरोघरी सांगितली जाणारी गोष्टसुद्धा येथे एक पर्याय म्हणून उपयोगी पडते. रात्री खोलीतील कुंडीतले रोप जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडते, त्याहून कितीतरी जास्त त्याच खोलीत झोपलेला माणूस सोडतो, हे नंतरच्या चर्चेत अवश्य सांगावे.

पर्यायी प्रश्नांत आणखी काही साधे दोष असतात. बरोबर पर्याय सर्वांत लांब असणे, ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय दिला की तोच बरोबर असणे, प्रश्नातील ‘नाही’ हा शब्द ठळक न करणे, यांमुळे विषय न समजलेल्यालाही उत्तर सापडते किंवा समजलेल्याचे उत्तर चुकते.

आकृतीतील जागा ओळखून घेणे

हृदयाची आकृती काढून नावे देण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो, आणि विद्यार्थी कोणत्या कोपऱ्यात कोणते नाव येते हे लक्षात ठेवून तो सोडवतात. हृदयाची डावी बाजू कागदावर आपल्या उजव्या हाताला का दिसते, हे त्यांतील अनेकांना सांगता येत नाही. आकृतीऐवजी प्रवास विचारावा: पायाच्या बोटातून परत निघालेली एक तांबडी रक्तपेशी पुन्हा त्याच बोटात पोहोचेपर्यंत कोणकोणत्या कप्प्यांतून आणि रक्तवाहिन्यांतून जाते, ते क्रमाने लिहा. या एका प्रश्नात, रक्त हृदयातून दोनदा जाते हे न समजलेला विद्यार्थी लगेच लक्षात येतो, कारण त्याची पेशी फुफ्फुसांकडे न जाताच शरीराकडे परतते.

धमनीत ऑक्सिजनयुक्त रक्त आणि शिरेत ऑक्सिजन कमी असलेले रक्त, हा नियम पाठ करणारे विद्यार्थी फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीपाशी हमखास चुकतात. धमनी ही रक्ताच्या दिशेवरून ठरते, त्यातील ऑक्सिजनवरून ठरत नाही, हे तपासणारा प्रश्न असायलाच हवा. प्रश्नपत्रिकेत ‘अशुद्ध रक्त’ असा शब्दप्रयोग तर कधीही करू नये. निळ्या रंगाने दाखवलेले रक्त खरोखर निळे असते, असे मानणारी मुले दहावीतही भेटतात, आणि आपला शब्द त्या समजुतीला बळ देतो.

श्वसनसंस्थेच्या बाबतीत असाच उपयोगी प्रश्न म्हणजे कृत्रिम श्वासोच्छ्वासाचा. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात आपण सोडलेली हवा फुंकून तिला मदत कशी होते? उच्छ्वासात निव्वळ कार्बन डायऑक्साइड असतो, असे मानणाऱ्याला याचे उत्तर देता येत नाही. आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर सोडलेल्या हवेत सुमारे १६ टक्के उरतो, तर कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांवरून सुमारे ४ टक्क्यांपर्यंत वाढतो. हे आकडे प्रश्नातच द्यावेत आणि त्यांचा अर्थ विचारावा.

प्रयोगाची कृती पाठ करून घेणे

पानातील स्टार्चची परीक्षा हा प्रत्येक शाळेत होणारा प्रयोग आहे. ‘कृती लिहा’ असे विचारले, की रोप अंधारात ठेवणे, पान पाण्यात उकळणे, मग अल्कोहोलमध्ये हरितद्रव्य काढणे आणि शेवटी आयोडीन टाकणे हा क्रम घोकून लिहिला जातो. त्याऐवजी बिघडलेला प्रयोग द्यावा. काळ्या कागदाने झाकलेला पानाचा भागही निळसर काळा झाला, तर काय चुकले असेल? रोप आधी पुरेसा वेळ अंधारात ठेवले नव्हते, त्यामुळे पानात जुना स्टार्च शिल्लक होता, हे उत्तर देणाऱ्याला त्या पायरीचा हेतू कळलेला आहे. उलट, उघडे पानही निळे झाले नाही, तर ते पहाटे तोडले असेल का, हा प्रश्न हुशार मुलांना फार आवडतो, कारण रात्रभरात पानातील स्टार्च वापरला जातो. अल्कोहोलचे भांडे थेट ज्योतीवर न ठेवता गरम पाण्यात का ठेवतात, हेही कृतीच्या वर्णनापेक्षा कारण म्हणून विचारलेले बरे.

मोड आलेल्या मटकीने चुन्याची निवळी पांढुरकी होते, हा प्रयोग दाखवून ‘काय सिद्ध झाले?’ असे विचारतात. त्याच्या जोडीला उकळलेल्या मटकीची दुसरी बाटली का हवी, हा प्रश्न सहसा राहून जातो. तुलनेची बाटली नसेल, तर निष्कर्ष काढता येत नाही, ही समज जीवशास्त्रातील कोणत्याही एका तथ्यापेक्षा मोलाची आहे.

‘का?’ या प्रश्नाला हेतू चालवून घेणे

खिडकीतले रोप प्रकाशाकडे का वळते, या प्रश्नाला ‘त्याला प्रकाश हवा असतो म्हणून’ असे उत्तर येते आणि आपण त्याला निम्मे गुण देऊन टाकतो. या उत्तरात यंत्रणा कोठेच नाही. सावलीच्या बाजूला ऑक्झिन हे वाढीचे संप्रेरक अधिक जमा होते, तेथील पेशी अधिक लांबतात आणि खोड प्रकाशाकडे झुकते, हे अपेक्षित असेल, तर प्रश्नच ‘कसे वळते?’ असा विचारावा. प्रकाशाकडे वळण्याचा रोपाला काय फायदा होतो, हा वेगळा आणि तितकाच चांगला प्रश्न आहे. दोन्ही एकाच ‘का?’मध्ये कोंबले, की कोणते उत्तर बरोबर मानायचे हे तपासणाऱ्यालाही ठरवता येत नाही.

अवघड वाटणारा धडा चाचणीतून वगळणे

प्रजननाच्या धड्यावर चाचणीत आकृतीपलीकडे काही विचारले जात नाही, आणि याची किंमत मुलींना मोजावी लागते. मासिक पाळीत बाहेर पडणारे रक्त हे शरीरातील दूषित रक्त असते, ही समजूत ज्या वर्गात कधी तपासलीच गेली नाही, तेथे ती तशीच राहते. गर्भाशयाच्या आतील अस्तराचे काय होते आणि का होते, असा सरळ प्रश्न मुले व मुली दोघांनाही विचारावा. आनुवंशिकतेच्या धड्यात तर एक प्रश्न दरवर्षी असावा, असे माझे स्पष्ट मत आहे: एका दांपत्याला तीन मुली आहेत, तर चौथे अपत्य मुलगा असण्याची शक्यता किती, आणि अपत्याचे लिंग कोणाकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरते? ‘आता मुलगाच होईल’ असे लिहिणाऱ्याला शक्यतेचा नियम कळलेला नाही. ‘आईवर अवलंबून’ असे लिहिणाऱ्याला एक्स आणि वाय गुणसूत्रांचा तक्ता काढता येऊनही त्याचा अर्थ कळलेला नाही. ही मुले उद्या घरात हेच बोलणार आहेत.

ठरावीक शब्द मोजून गुण देणे

उत्तरात ‘पर्णरंध्रे’, ‘बाष्पोच्छ्वास’ आणि ‘जलवाहिन्या’ हे तीन शब्द दिसले की तीन गुण, ही पद्धत वेळ वाचवते. मात्र ‘पानाच्या बारीक छिद्रांतून पाणी वाफ होऊन जाते, त्यामुळे खालचे पाणी वर ओढले जाते’ असे आपल्या भाषेत लिहिणारा विद्यार्थी या पद्धतीत मागे पडतो. संज्ञेसाठी एक गुण आणि कारण-परिणाम जोडल्याबद्दल दोन गुण, असे आधीच ठरवून ठेवावे. सेमी इंग्रजीच्या वर्गांत ही अडचण दुप्पट होते, कारण इंग्रजीतील पाठ वाक्य निर्दोष दिसते. अशा वर्गात एखाद्या प्रश्नाचे उत्तर मराठीत लिहिण्याची मुभा द्यावी किंवा दोन मिनिटे तोंडी विचारून पाहावे.

एका ग्लुकोजच्या रेणूपासून एटीपीचे (पेशीला ऊर्जा पुरवणारे) किती रेणू मिळतात, अशा आकड्यांवर फार गुण ठेवू नयेत. पाठ्यपुस्तकात ३८ हा आकडा आहे, तर आजचा अंदाज सुमारे ३० ते ३२ इतका आहे. ऑक्सिजनशिवाय हा आकडा इतका खाली का येतो, हे विचारणे अधिक सार्थ ठरते.

दहावीच्या मंडळाच्या परीक्षेत विज्ञान व तंत्रज्ञानाचे दोन्ही भाग प्रत्येकी ४० गुणांचे आणि दोन तासांचे असतात, म्हणून जूनपासूनची प्रत्येक चाचणी त्याच साच्यात घेण्याची प्रथा पडली आहे. सराव म्हणून तो साचा जानेवारीपासून पुरेसा आहे. त्याआधीच्या चाचण्या लहान, दहा-बारा गुणांच्या आणि एकाच संकल्पनेवर असाव्यात.

तपासलेल्या उत्तरपत्रिकांतून प्रश्नांचीही तपासणी करता येते. सर्वाधिक गुण मिळवणारे सुमारे २७ टक्के आणि सर्वांत कमी गुण मिळवणारे २७ टक्के विद्यार्थी वेगळे काढावेत. साठ जणांच्या वर्गात हे प्रत्येकी सोळा होतात. ज्या प्रश्नाला खालच्या गटाने वरच्या गटापेक्षा जास्त बरोबर उत्तरे दिली असतील, त्या प्रश्नाची भाषा किंवा उत्तरसूची सदोष आहे असे समजून तो पुन्हा वाचावा. जो पर्याय कोणीच निवडला नाही, तो बदलावा. आणि चुकलेल्या संकल्पनेवर तीन-चार आठवड्यांनी वेगळे उदाहरण घेऊन एकच प्रश्न पुन्हा विचारावा, म्हणजे आंब्याऐवजी ऊस आणि विलोऐवजी कुंडीतील मनीप्लांट.