किल्टच्या चुण्या झुलत नाहीत? या चुका टाळा

किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा. त्याच्या चुण्या झुलाव्यात म्हणून पुष्कळ जण कंबर मुरडत चालतात. त्याने किल्ट झुलत नाही, नुसता वळवळतो. झोका मिळतो तो सरळ, एकलयीच्या पावलांतून. आणि किल्ट नीट बांधलेला असेल तरच.

सर्वांत जास्त घोळ उंचीत होतो. जीन्सच्या सवयीने किल्ट ओटीपोटावर बांधला जातो. पारंपरिक स्कॉटिश किल्ट बेंबीपाशी किंवा किंचित वर बसतो. चुण्या कमरेपासून नितंबांपर्यंत शिवून पक्क्या केलेल्या असतात, त्याखालीच मोकळ्या असतात. किल्ट घसरला की शिवणही घसरते, झोका सुरू व्हायला हवा तिथेच अडतो आणि काठ पोटऱ्यांवर आपटतो. गुडघे टेकून ताठ बसून पाहा: काठ जमिनीपासून साधारण अडीच सेंटिमीटर वर हवा.

आता पट्टे. किल्टला पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर असतात. आतल्या पदराचा पट्टा डाव्या बाजूच्या चिरेतून बाहेर काढून आधी आवळा, मग बाहेरचा पदर उजवीकडे बांधा. कमरेचे पट्टे घट्ट हवेत. नितंबावर आणखी एक पट्टा असेल तर तो मात्र नुसता बसता ठेवा. तो ओढला की चुण्या फाकतात. पिन फक्त बाहेरच्या पदराला लावा. दोन्ही पदरांतून टोचली तर पुढचा भाग जखडतो, कापडही फाटते.

कापड हलके असेल तर चालण्याची कसरत फारशी कामाला येत नाही. आठ वारी किल्टचे जाड लोकरी कापड वाराला 16 औंस, म्हणजे मीटरला सुमारे 500 ग्रॅम भरते. आठ वार म्हणजे जवळपास आपली नऊवारीच, फक्त इथे निऱ्यांचा सगळा भार मागे आणि पुढे सपाट पदर. त्या वजनामुळेच चुण्या एका बाजूला जाऊन परत येतात. पातळ कापड वाऱ्यावर फडफडते, झुलत नाही.

चालताना पाठ ताठ, नजर समोर, टाच आधी टेकवायची, हात मोकळे. पावले तुरुतुरु पडली तर एक झोका पुरा होण्याआधीच दुसरा धक्का बसतो आणि चुण्या थरथरतात. ढांगा फार लांब टाकल्या तर पुढचे पदर उघडतात. स्पोरन म्हणजे किल्टच्या पुढे साखळीने लटकवलेला बटवा. त्याची साखळी सैल असेल तर तो दर पावलाला मांडीवर आपटतो आणि लय मोडते. साखळी आखूड करा. नाचताना किंवा ढोल वाजवताना तो कुशीला सरकवतात.

बसण्याआधी तळहाताने मागच्या चुण्या खालपर्यंत सपाट करा, नाहीतर चुरगळलेली चुणी दिवसभर वाकडीच झुलते. अशी चुणी कच्च्या टाक्यांनी जागेवर धरून ओलसर कापडावरून वाफेची इस्त्री फिरवा.

आणि किल्ट नवाकोरा असूनही मागचा भाग फळीसारखा हलत असेल, तर काठाजवळ पाहा. शिंप्याने चुण्या धरून ठेवायला घातलेले कच्चे टाके काढायचे राहिले असतील.