या चुका टाळा: जुन्या हलक्या विमानाचे स्ट्रट तपासताना आणि जुळवताना

पंखाखालचा स्ट्रट, म्हणजे पंखाला खालून विमानाच्या धडाशी जोडणारी तिरकी दांडी, बाहेरून चकचकीत आहे म्हणजे तो धड आहे, असं गोव्यात राहणाऱ्याने तरी समजू नये. आपल्याकडच्या गेटचे पोकळ पाइप आठवा. वर ऑइलपेंट शाबूत असतो आणि जमिनीलगत अंगठा दाबला की पत्रा आत जातो. पायपर कब किंवा सुपर कब या जुन्या अमेरिकी हलक्या विमानांचा स्ट्रट म्हणजे शेवटी पातळ पोलादी नळीच. ती विमानाला लावली आहे म्हणून खारी हवा तिला सोडत नाही.

तक्रार घेऊन येणारा मालक बहुतेक वेळा एवढंच म्हणतो, "डावा पंख जड लागतो, जरा स्ट्रट फिरवून द्या." म्हणजे उडताना विमान आपोआप डावीकडे झुकतं आणि स्ट्रटची लांबी बदलून ते सरळ करायचं. फिरवायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो त्याआधीच्या तपासणीला, आणि नेमकी तीच टाळली जाते. उडताना पंख वर जाऊ पाहतो आणि स्ट्रट त्याला खाली धरून ठेवतो. पंख मुळाशी नुसता बोल्टवर टांगलेला असतो, त्यामुळे स्ट्रट तुटला तर त्याला सावरायला दुसरं काही उरत नाही. म्हणून आधी तपासणीतल्या चुका, मग जुळवणीतल्या.

हे फक्त पायपरवाल्यांसाठी नाही. एचएएलचं पुष्पक १९५८ साली पहिल्यांदा उडालं आणि पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत शिकाऊ विमान म्हणून वापरलं गेलं. त्याची घडण तशीच: पंख वर, त्याखाली इंग्रजी व्हीच्या आकारात दोन स्ट्रट. टायगर मॉथचे दोन पंखांमधले स्ट्रट आणि तारा हा वेगळा विषय आहे, तो इथे घेत नाही.

चूक: स्ट्रट न काढता, वरवर हात फिरवून पास करणे

जुन्या उघड्या स्ट्रटला वरच्या टोकाशी फटी असतात. पावसाचं पाणी तिथून शिरतं आणि उतरत उतरत तळाशी साचतं. पण गंजाला पाऊसच लागतो असं नाही. दिवसा हँगरच्या पत्र्याखाली नळी तापते, आतली हवा बाहेर पडते. रात्री ती थंड होते आणि दमट हवा आत ओढते. त्या हवेतलं पाणी आतल्या भिंतीला सुटतं. किनाऱ्याजवळ त्या पाण्यात मीठही असतं. हे रोज चालू राहतं, विमान उडो वा न उडो. उलट बराच काळ हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानाचा मला जास्त संशय येतो.

तळाला पाणी निघून जायला भोक ठेवलेलं असतं, पण आपल्याकडे त्यावर कुंभारीण माशीचा डोळा असतो. एवढं सोयीचं तयार भोक तिला कुठे मिळणार? चिखल आणून ती ते लिंपते, आत अळीसाठी कोळी भरून ठेवते, आणि स्ट्रटच्या तळाशी कायमची ओल धरणारी मातीची गुठळी बसते. भोकात बारीक तार घालून फिरवा. टोकाला जांभ्याची लाल माती आली तर कदाचित नुसती धूळ असेल. काळसर, पापुद्र्यासारखा चुरा आला तर तो आतून सुटलेला गंज आहे. तिथेच थांबायचं आणि स्ट्रट उतरवायचा.

उतरवलेल्या स्ट्रटचे खालचे साधारण ११ इंच सर्वांत धोक्याचे. पायपरच्या स्ट्रटसाठी अमेरिकेच्या एफएए या विमान नियामकाची एडी, म्हणजे बंधनकारक आदेश, २०१५-०८-०४ आहे. तिच्यानुसार उघडे स्ट्रट दर २४ महिन्यांनी तपासायचे. त्यासाठी मॉल फॅब्रिक टेस्टर वापरतात. हे उपकरण मुळात पंखावरच्या कापडाची ताकद बघायला बनवलं, पण इथे ते स्ट्रटच्या तळाशी ठेवून ८० च्या खुणेपर्यंत दाबायचं आणि जागा बदलत पुढे जायचं. धातू धड असेल तर काही होत नाही. आतून खाल्लेला असेल तर डोळ्याला दिसेल असा खळगा पडतो आणि तो स्ट्रट बाद होतो. दुसरा मार्ग अल्ट्रासॉनिक जाडीमापकाचा. तो जास्त नेमका, पण चालवणारा माणूस तयार हवा.

नाण्याने टकटक करून "आवाज बरा येतो" म्हणणारे अजून भेटतात. त्या आवाजावरून रंगाचा थर किती जाड आहे एवढं फार तर कळेल. दुसरा प्रकार म्हणजे खळगा दिसू नये असा पुट्टी मारून केलेला रंग. विकत घेण्याआधी विमान बघायला जाल आणि स्ट्रटचा तळच तेवढा नवा रंगवलेला दिसेल, तर रंग खरवडायची परवानगी मागा. नाही मिळाली तर चहा घ्या आणि परत या.

चूक: सीलबंद स्ट्रटला भोक पाडणे

आतून हवाबंद केलेले स्ट्रट मिळतात आणि ते बसवले की २४ महिन्यांची गंजतपासणी संपते. खर्च मोठा, पण किनाऱ्यावर विमान ठेवणाऱ्याला मी तोच सल्ला देईन. मात्र असा महागडा स्ट्रट घेऊन त्यावर कॅमेऱ्याचा क्लॅम्प किंवा नावाची पट्टी बसवायला स्क्रूचं भोक पाडलेलं मी पाहिलं आहे. त्या क्षणी तो सीलबंद राहत नाही. शिवाय त्याला तळाशी निचऱ्याचं भोकही नसतं, म्हणजे शिरलेलं पाणी आतच राहतं. साध्या स्ट्रटपेक्षा वाईट अवस्था.

उघडाच स्ट्रट ठेवणार असाल तर तपासणीत पास झाल्यावर आतून उकळलेलं जवसाचं तेल किंवा गंजरोधक फिरवायचं, निथळू द्यायचं आणि भोक मोकळं आहे हे पुन्हा बघायचं. हे काम पावसाळ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर करावं. मिरग तोंडावर आल्यावर घाईने तेल ओतलं तर आतला ओलावा तेलाखालीच अडकतो. आणि समुद्राचं मीठ धुवायला प्रेशर वॉशर स्ट्रटच्या वरच्या टोकावर रोखू नका. बादलीभर गोडं पाणी आणि फडकं पुरतं.

चूक: स्ट्रट नवा, फोर्क जुना

स्ट्रटच्या खालच्या टोकाला आट्यांनी बसवलेला फोर्क, म्हणजे दोन पाकळ्यांचा जोड, असतो. तो आत-बाहेर फिरवून लांबी बदलते. त्याच्या आट्यांच्या खाचेत गंजाचा एक ठिपका पडला तरी तिथून तडा सुरू होतो, आणि तो बाहेरून दिसत नाही, कारण नेमका तो भाग स्ट्रटच्या आत असतो. जुने फोर्क कापीव आट्यांचे. नंतरचे दाबून काढलेल्या आट्यांचे, जे धातूच्या थकव्याला (पुन्हा पुन्हा ताण येऊन तडकण्याला) जास्त टिकतात. पायपरच्या फोर्कसाठी वरच्याच एडीत उड्डाणाच्या ५०० तासांची वेगळी मुदत आहे, आणि तिथे मॉल टेस्टर कामाचा नाही. फोर्क बाहेर काढून, साफ करून, चुंबकीय कण तपासणीच (चुंबक लावून लोखंडी भुकटीने तडा उघड करणारी) करावी लागते. नुसत्या भिंगाने बघून लॉगबुकात "तपासला" लिहू नये. सीलबंद स्ट्रट बसवला म्हणून जुना फोर्क या मुदतीतून आपोआप सुटत नाही.

जोडणीचे बोल्टही त्याच वेळी बघा. बोल्ट फिरवून बघताना एखाद्या ठिकाणी पायरी बोटाला लागली तर तो झिजला आहे. मडगावच्या हार्डवेअरमध्ये त्याच मापाचा मिळतो, हे खरं. तो लावायचा नाही, हेही तितकंच खरं.

चूक: पंखाला आधार न देता बोल्ट काढणे

स्ट्रट सुटला की पंख खाली येणार. आधार द्यायचा तो स्पारखाली (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईखाली), स्ट्रट जिथे जोडतो त्या जागेजवळ, गादी लावलेल्या घोडीने. दोन रिबांच्या (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांच्या) मधल्या कापडाला टेकू दिलात तर पंख वाचेल, पण कापड आणि रिब जातील. आणि बोल्ट हातोडीने ठोकून काढावा लागत असेल तर आधाराची उंची चुकली आहे. भार उतरला की बोल्ट सहज सरकतो.

चूक: पंख जड लागला की लगेच पाना

आता जुळवणी. जड पंखाची कारणं बरीच असतात आणि स्ट्रट त्यांत शेवटी येतो. बॉल (विमान आडवं घसरत नाही हे दाखवणाऱ्या उपकरणातली गोळी) मध्यावर ठेवून उडवलं होतं का? टाक्यांत इंधन सारखं होतं का? दोन्ही एलेरॉन (विमान कलवणारी पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) सारखे बसतात का? फ्लॅप (उतरताना खाली करायच्या पट्ट्या) असतील तर दोन्ही पूर्ण वर जातात का? यातलं काही चुकत असेल आणि तुम्ही स्ट्रट फिरवलात, तर एका दोषावर दुसरा दोष चढवला. पुढच्या वेळी कोणी एलेरॉन नीट केला की विमान उलट्या बाजूला ओढू लागतं आणि मग खरं काय बिघडलं होतं ते कोणालाच सांगता येत नाही.

सगळं ठीक असेल तर विमान उड्डाणाच्या स्थितीत आणा: शेपूट उचलून, मॅन्युअलने सांगितलेल्या जागी स्पिरिट लेव्हल किंवा ओळंबा लावून, लांबी आणि रुंदी दोन्हीकडे सपाट. टायरची हवा सारखी हवी. हँगरची दारं बंद हवीत, कारण दुपारचा समुद्रावरचा वारा नुसता पंखाच्या टोकाशी खेळला तरी बुडबुडा हलतो. पुढच्या स्ट्रटवर डिहेड्रल, म्हणजे पंखाचा टोकाकडे वर जाणारा कल, ठरतो, तो दोन्ही पंखांवरून दोरा ताणून आधी बघायचा. मागच्या स्ट्रटवर पंखाचा पीळ ठरतो. हा क्रम उलटा केला तर दोन्ही मापं पुन्हा घ्यावी लागतात.

मागचा स्ट्रट आखूड केला की मागचा स्पार खाली ओढला जातो, पंखाचा कोन वाढतो आणि त्या बाजूची उचल वाढते. लांब केला की उलट. फोर्कला दोन पाकळ्या असल्यामुळे तो अर्ध्या फेऱ्यानेच बदलता येतो, मधलं माप नाही. जड पंखाकडे अर्धा फेरा आत, किंवा हलक्या पंखाकडे अर्धा फेरा बाहेर, आणि मग उडवून बघायचं. एकदम दोन-तीन फेरे देऊ नका. जड पंखाकडचाच स्ट्रट सतत आखूड करत गेलात तर त्या पंखाच्या टोकाचा वॉशआउट, म्हणजे टोकाकडे कोन कमी करणारा पीळ, संपतो. वॉशआउट असतो तो पंखाचं टोक मुळाच्या आधी स्टॉल होऊ नये, म्हणजे उचल गमावू नये म्हणून. तो गेला की सरळ उडताना विमान छान वाटतं आणि कमी वेगाच्या वळणात तोच पंख अचानक पडतो. मॅन्युअलच्या मर्यादेत विमान सरळ होत नसेल तर पंखाच्या आत काहीतरी वाकलेलं आहे, ते शोधा.

फोर्क बाहेर काढताना किती आटे आत उरले ते मॅन्युअलच्या मापाने मोजा. स्ट्रटला तपासणीचं भोक असेल तर सेफ्टी वायरचं टोक घालून बघा. ती आरपार गेली तर फोर्क पुरेसा आत नाही. मग लॉकनट. तो ढिला राहिला तर आटे हलत राहतात आणि मघाचा तडा तिथेच सुरू होतो.

सेस्ना १५० किंवा १७२ घेऊन कोणी आलं तर हे सगळं विसरा. तिथे एकच स्ट्रट असतो आणि पीळ मागच्या स्पारच्या मुळाशी असलेल्या विकेंद्री बुशने बदलतात.

चूक: ज्युरी स्ट्रट म्हणजे शोभा समजणे

मोठ्या स्ट्रटच्या मध्यावर पंखाला जोडलेली ती बारीक काडी कोणी बघतच नाही. खाली ढकलणारा वाऱ्याचा झोत आला की मुख्य स्ट्रटवर ताणाऐवजी दाब येतो, आणि लांब बारीक नळी दाबाखाली वाकते. मध्यावर धरलं की वाकण्याची लांबी निम्मी होते आणि नळी चौपट दाब सोसते. म्हणून ज्युरी स्ट्रटचा क्लॅम्प सैल असणं, त्याचा बोल्ट नसणं, हे किरकोळ नाही. विमान ढकलताना स्ट्रटच्या मध्यावर जोर लावू नका, आणि पर्यटकाला फोटोसाठी त्यावर पाय ठेवू देऊ नका. स्ट्रटच्या टोकाला डोळा लावून लांबीभर बघा. बाक दिसला तर तो मॅन्युअलच्या मर्यादेत आहे का ते मोजा. सरळ करायच्या फंदात पडू नका.

हे सगळं काम परवानाधारक एएमईच्या (विमान देखभाल अभियंत्याच्या) देखरेखीखाली आणि सहीनेच होतं. नोंदीत फोर्क कुठल्या बाजूचा, किती अर्धे फेरे, कुठल्या दिशेने, हे लिहा. पहिलं उड्डाण प्रवासी न घेता, वाऱ्याच्या शांत वेळी, म्हणजे इथे सकाळी. उतरल्यावर लॉकनटवर मारलेली रंगाची रेघ सरकली आहे का ते बघा, आणि मगच फेअरिंग (जोडावरचं झाकण) चढवा.