तटबंदीच्या जुन्या शहरात गाडी घेऊन जाताय? या चुका टाळा

पहिल्यांदा कार्कासॉनला गेलो तेव्हा ऑगस्ट महिना होता आणि दुपारचे दोन वाजले होते. दक्षिण फ्रान्समधल्या ए 61 हायवेवरून टेकडीवरचे बुरूज लांबूनच दिसले आणि गाडीतले सगळे बोलायचे थांबले. पुढचा पाऊण तास मात्र पार्किंग शोधण्यात गेला. आत शिरलो तर मुख्य दरवाज्यापासून वर जाणारी गल्ली माणसांनी गच्च भरलेली, दोन्ही बाजूंना लाकडी तलवारी आणि ढाली विकणारी दुकानं. गर्दी नेईल तिकडे गेलो, आइस्क्रीम खाल्लं आणि दोन तासांत बाहेर पडलो. 52 बुरुजांचं, दुहेरी तटाचं ते शहर आम्ही पाहिलंच नव्हतं, हे रात्री फोटो चाळताना लक्षात आलं. तटाचा एकही फोटो नव्हता.

नंतर पुन्हा गेले, राहिले आणि त्या शहराच्या प्रेमात पडले. मग स्पेनमधलं आव्हिला, जर्मनीतलं रोथेनबुर्ग, क्रोएशियातलं डुब्रोव्हनिक, इटलीतलं सिएना. दर वेळी गाडीनेच. पहिल्या वेळच्या आणि पुढच्या प्रवासांतल्या चुका इथे लिहितेय, कारण यातल्या बहुतेक सहज टाळता येतात. एक गोष्ट मनाशी पक्की ठेवली तर अर्धं काम होतं: ही शहरं बाहेरून येणाऱ्याला अडवण्यासाठीच बांधली आहेत. दरवाजा अरुंद, आतला रस्ता मुद्दाम वळवलेला, चढ अंगावर येणारा. घोडेस्वारांच्या तुकडीला जे जमू नये म्हणून हे केलं, ते तुमच्या भाड्याच्या गाडीलाही जमणार नाही.

गाडी वेशीच्या आत घालणं

सर्वांत महागात पडणारी चूक ही. इटलीतल्या जवळपास सगळ्या जुन्या शहरांत झेडटीएल असतो, म्हणजे ‘झोना आ त्राफिको लिमितातो’. परवानगी नसलेल्या गाड्यांना त्या भागात ठरावीक वेळी मनाई असते. सिएना, फ्लॉरेन्स, लुका, सान जिमिन्यानो, सगळीकडे हेच. खूण म्हणजे पांढऱ्या गोल पाटीला लाल कड. पाटीखाली वेळा लिहिलेल्या असतात, आणि शेजारी बऱ्याचदा एक छोटा इलेक्ट्रॉनिक फलक असतो. त्यावर ‘वार्को आत्तीवो’ अशी अक्षरं दिसतात. वार्को म्हणजे प्रवेशाची जागा, आत्तीवो म्हणजे चालू. नवखा माणूस वाचतो, ‘प्रवेश चालू आहे’, आणि आत जातो. खरा अर्थ उलटा आहे: कॅमेरा चालू आहे, आत येऊ नका. ‘वार्को नॉन आत्तीवो’ असेल तेव्हाच कॅमेरा बंद असतो.

आमचं हेच झालं. कुणी अडवलं नाही, शिट्टी वाजली नाही, आम्ही निवांत दोन चकरा मारून बाहेर आलो. घरी येऊन काही महिने झाल्यावर पत्र आलं. परदेशी चालकाला अशी नोटीस वर्षभरानेसुद्धा येऊ शकते. शिवाय गाडी भाड्याने देणारी कंपनी पोलिसांना तुमचं नाव-पत्ता कळवण्याचे वेगळे पैसे कापते, ते दंडात धरलेले नसतात. आणि प्रत्येक कॅमेऱ्यापाशी प्रत्येक वेळी नवा गुन्हा नोंदला जाऊ शकतो, म्हणून चूक लक्षात आल्यावर पुन्हा त्याच वाटेने फिरून येऊ नका. पहिला बाहेरचा रस्ता दिसेल तो धरा.

फोनवरचा नकाशा यातून वाचवेलच असं नाही. तो हॉटेलच्या दारापर्यंतचा सर्वांत जवळचा रस्ता दाखवतो, आणि तो रस्ता नेमका वेशीतून जातो. म्हणून नकाशात हॉटेलचा पत्ता टाकायचाच नाही. तटाबाहेरच्या पार्किंगचं नाव शोधून ते टाकायचं. रोथेनबुर्गला तटाबाहेर पी 1 ते पी 5 अशी पार्किंगची मैदानं आहेत आणि तिथून कुठल्याही दरवाज्याने पाच-दहा मिनिटांत चालत आत जाता येतं. सिएनात टेकडीच्या पायथ्याच्या पार्किंगमधून सरकते जिने थेट वर नेतात, स्पेनमधल्या टोलेडोलाही तशीच सोय आहे. हे जिने बांधले आहेत ते गाड्या खाली राहाव्यात म्हणूनच.

हॉटेल तटाच्या आत असेल तर निघण्याआधी त्यांना फोन करून दोन गोष्टी विचारा. सामान उतरवायला गाडी आणता येते का, आणि येत असेल तर नंबरप्लेट परवानगीच्या यादीत कोण घालणार? ‘हो, येता येतं’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. नंबर त्यांच्याकडे पोहोचला आणि त्यांनी तो नोंदवला, हे लेखी घ्या, मेसेज असला तरी चालेल. भाड्याच्या गाडीचा नंबर ताब्यात घेताना कळतो, म्हणून तेव्हाच प्लेटचा फोटो काढून ठेवा. काही पार्किंगच्या मशीनलाही तो टाकावा लागतो.

मोठी गाडी आणि चाकांच्या बॅगा

पाच माणसं, सामान भरपूर, म्हणून ऐसपैस एसयूव्ही घ्यावीशी वाटते. हायवेवर ती छान चालते. जुन्या शहराभोवतीच्या गल्ल्यांत मात्र दोन्ही बाजूंचे आरसे मिटून, एकाने उतरून पुढे चालत, दगडी भिंतीपासून चार बोटांचं अंतर राखत गाडी काढावी लागते. भूमिगत पार्किंगच्या दारावर उंचीची मर्यादा लिहिलेली असते; टपावर सामानाची पेटी लावली असेल तर तिच्यासह गाडीची उंची किती, हे माहीत हवं. ऑटोमॅटिक गाडी लागत असेल तर आधीच सांगून ठेवा, तिकडे भाड्याच्या गाड्या बऱ्याचदा गिअरच्या असतात.

बॅगांचं म्हणाल तर मला त्याबद्दल फार वाटतं, कारण माझ्या आईचे हाल मी पाहिलेत. फरसबंदीचे दगड गोटीसारखे फुगीर असतात, मध्ये बोटभर फटी. चाक फटीत बसलं की बॅग आडवी पडते. दर पावलाला तो खडखडाट, वर चढ. वेशीपासून हॉटेलपर्यंतचे चारशे मीटर आम्हाला अर्धा तास पुरले. तेव्हापासून एका रात्रीपुरतं सामान पाठीवरच्या छोट्या पिशवीत वेगळं भरते आणि मोठ्या बॅगा डिकीत बंद ठेवते.

पण बॅगा डिकीत टाकायचं काम पार्किंगमध्ये पोहोचल्यावर करू नका. ही काळजी फार थोडे घेतात. पर्यटकांच्या पार्किंगमध्ये काचा फोडून चोऱ्या होतात आणि कोण काय लपवतंय हे पाहणारा माणूस तिथेच उभा असू शकतो. आधीच्या एखाद्या थांब्यावर सामानाची लावालाव करा. सीटवर काहीही दिसू देऊ नका, चार्जरची वायरसुद्धा नको. पासपोर्ट अंगावर.

डिझेल की पेट्रोल

फ्रान्समध्ये ‘गाझोल’, इटलीत ‘गाझोलियो’, स्पेनमध्ये ‘गासोलेओ’, हे सगळं डिझेल आहे. नाव पेट्रोलसारखं वाटतं म्हणून लोक फसतात. स्पेनमध्ये पेट्रोलला ‘गासोलिना’ म्हणतात, म्हणजे घोटाळा पक्काच. यावर सोपा उपाय आहे. युरोपीय संघात 2018 पासून पंपावर आणि नव्या गाड्यांच्या टाकीच्या झाकणात सारखीच चिन्हं असतात: पेट्रोलसाठी गोल आणि त्यात ई 5 किंवा ई 10, डिझेलसाठी चौकोन आणि त्यात बी 7. झाकण उघडा, आकार जुळवा, मग नळी उचला. चुकीचं इंधन गेलंच तर किल्ली फिरवू नका. इंजिन सुरू झालं नाही तर टाकी रिकामी करून निभावतं, सुरू झालं की खर्च कुठल्या कुठे जातो. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

कागदपत्रांचं थोडक्यात: आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना आणि मूळ परवाना, दोन्ही सोबत हवेत. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. अडीअडचणीला 112.

दुपारी पोहोचणं, संध्याकाळी निघून जाणं

माझ्या मते सगळ्या चुकांमध्ये ही मोठी. दंड भरून विसरता येतो, पण न पाहिलेलं शहर मनात राहतं. टूरच्या बसगाड्या सकाळी दहाच्या सुमाराला येतात आणि पाचला परततात. तुम्हीही त्याच वेळेत गेलात तर गर्दीच पाहून याल. संध्याकाळी सातला तेच शहर निराळं असतं. दुकानांची शटर खाली येतात, कुणीतरी खिडकीतून चादर झटकतं, पाकोळ्या बुरुजांभोवती घिरट्या घालतात. रोथेनबुर्गला रात्री काळा झगा आणि कंदील घेऊन पहारेकरी निघतो आणि लोकांना शहराची गोष्ट सांगत फिरवतो. ती फेरी चुकवू नका.

म्हणून शक्य तर एक रात्र राहा, आत किंवा अगदी वेशीला लागून. तेही जमत नसेल तर सकाळी आठला पोहोचा. सण-उत्सव आधी तपासा. सिएनाची पालिओची घोड्यांची शर्यत 2 जुलै आणि 16 ऑगस्टला असते. कार्कासॉनला 14 जुलैच्या रात्री तटावर आतषबाजी होते आणि ती पाहायला माणसांचा पूर लोटतो. ते बघायलाच जात असाल तर उत्तम, नाहीतर त्या आठवड्यात गाडी घेऊन फिरकू नका.

स्पेनमध्ये जेवणाच्या वेळाही सांभाळाव्या लागतात. दुपारचं जेवण दोनच्या पुढे, रात्रीचं नऊला. साडेपाचला भुकेली मुलं घेऊन फिरलात तर स्वयंपाकघर बंद. डब्यात काहीतरी असू द्या.

तटावर न चढणं, किंवा भर उन्हात चढणं

डुब्रोव्हनिकचा तट 1,940 मीटरचा आहे. ऐकायला दोन किलोमीटर काहीच नाही, पण पायऱ्या सतत चढ-उताराच्या, सावली जवळजवळ नाही आणि फेरी एकाच दिशेने. मधूनच मागे वळून निघता येत नाही. जुलैत दुपारी बाराला चढलेल्या एका आजोबांना उतरवताना मी पाहिलंय. दार उघडताच चढा, पाणी बरोबर घ्या, टोपी घ्या.

आव्हिलाचं उलट. ती स्पेनची सर्वांत उंचावरची प्रांत-राजधानी, समुद्रसपाटीपासून 1,100 मीटरहून वर. मे महिन्यातही संध्याकाळी तटावर वारा हाडात शिरतो. अडीच किलोमीटरचा तिथला तट अकराव्या-बाराव्या शतकातला आणि अजून सलग उभा. रोथेनबुर्गच्या तटावरची फांजी, म्हणजे चालायची वाट, लाकडी छपराखाली आहे, पावसातही चालता येतं आणि तिकीट नाही. तिथे भिंतीतल्या दगडांवर नावं कोरलेली दिसतील. 31 मार्च 1945 ला बॉम्बहल्ल्यात शहराचा मोठा भाग पडला, तटही पडला. तो पुन्हा उभारायला ज्यांनी पैसे दिले त्यांची ती नावं.

दिसतंय ते सगळं मध्ययुगीन मानणं

लुकाचा झाडांनी भरलेला, सायकल चालवता येणारा सुंदर तट मध्ययुगातला नाही. तोफा आल्यावर बांधलेला, सोळाव्या-सतराव्या शतकातला आहे. म्हणून तो बुटका आणि जाड आहे. उंच भिंतीला तोफगोळा सहज पाडतो. कार्कासॉनचे टोकदार छपरांचे बुरूज 1853 पासून वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक यांच्या देखरेखीखाली दुरुस्त झाले, आणि त्या निळसर पाटीच्या दगडाच्या छपरांवर त्यांच्याच काळात टीका झाली. पण त्याआधी हा तट पाडून टाकायचं ठरलं होतं, हेही लक्षात घ्या. काही बुरुजांवर नंतर पुन्हा सपाट लाल कौलं घातली. हे ठाऊक असलं की छपरं बघत फिरण्यात वेगळीच मजा येते.

चूक होऊन गेलीच, तर

दरवाजे एकसारखे दिसतात आणि गाडी कुठल्या बाजूला लावली ते आठवत नाही. पार्किंगमधून निघताना पाटीचा आणि ज्या वेशीतून आत शिरलात तिचा फोटो काढा. पार्किंगचं तिकीट गाडीत ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी गाडीपाशी जाण्याआधी पायीच मशीनवर पैसे भरायचे असतात. ‘केस’, ‘कासा’ किंवा ‘कासं’ अशी पाटी शोधा. इटलीत निळ्या पट्ट्यांत पैसे भरून गाडी लावतात, पिवळ्या पट्ट्या रहिवाशांच्या किंवा इतर राखीव कामाच्या, तिथे लावू नका. आधीच लावून आला असाल तर जेवण अर्ध्यावर सोडून जा, गाडी उचलून नेतात.

आणि उशीर झाला, पार्किंगमध्ये वेळ गेला, हाताशी दोनच तास उरले, तर? तरी मुख्य गल्लीत शिरू नका. कार्कासॉनला दोन तटांमधली मोकळी पट्टी आहे, तिला लिस म्हणतात. तिथे फिरायला तिकीट नाही आणि गर्दीही नाही. उत्तरेच्या बाजूला आतल्या तटाच्या बुडाशी जा. लहान लहान दगडांचे थर आणि त्यांच्यामध्ये लाल विटांच्या आडव्या ओळी दिसतील. तो रोमन काळाच्या अखेरचा तट आहे, त्याचे बुरूज पुढून अर्धगोल. चालत नार्बोनच्या दरवाज्याकडे आलात की दगड बदलतो. मोठे चिरे, प्रत्येकाचा मधला भाग मुद्दाम फुगीर ठेवलेला. हे तेराव्या शतकातल्या राजाच्या कारागिरांचं काम. एक हजार वर्षांचं अंतर तुम्ही दहा मिनिटांत चालून आलेले असता. विटांच्या ओळीवर हात ठेवून बघा. उन्हाळ्यात रात्री नऊलाही गरम लागते.