छापखान्यात टपालाची कामं घेताय? या चुका टाळा

पतसंस्थांचे अहवाल, सोसायट्यांच्या नोटिसा, दिवाळीची शुभेच्छापत्रं छापणाऱ्याला गिऱ्हाईक कधी ना कधी विचारतंच, "पाकिटात भरून पोस्टातही टाकाल का?" काम चांगलं आहे, जरूर घ्या. पण छपाईचा हिशेब इथे चालत नाही. छपाईत हजारामागे थोड्या प्रती जास्त काढतो, खराब निघाल्या त्या बाजूला टाकतो. टपालात प्रत्येक कागद कुणा एकाचा असतो. भरून झाल्यावर एक पत्र उरलं, तर ते कुणाला तरी जायचं राहिलेलं असतं.

यादी आली तशी वापरणं. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एक्सेलमध्ये फक्त नावांचा कॉलम निवडून सॉर्ट केला, की पाटलांच्या नावापुढे जोशींचा पत्ता येतो आणि स्क्रीनवर सगळं ठीकठाक दिसतं. म्हणून मूळ फाइलला हात लावू नका. कॉपी करून तिच्यात पहिला कॉलम अनुक्रमांकाचा टाका, मगच पुढचं काम. यादी जुन्या श्रीलिपी फाँटमधली असेल तर मेल मर्जमध्ये, म्हणजे यादीतली नावं-पत्ते पत्रात आपोआप भरताना, अक्षरांचा चिवडा होतो. आधी युनिकोड करून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. पिनकोड सहा आकडी नसलेल्या ओळी वेगळ्या काढून गिऱ्हाइकाकडे परत पाठवा. अंदाजाने पिन भरू नका.

पानं सरकणं. तीन पानी पत्र, प्रत्येकावर वेगळं नाव आणि कर्जाची बाकी. मध्येच प्रिंटरमध्ये कागद अडकतो, मुलगा तो काढतो, छपाई पुढे सुरू होते. एक पान कमी पडलेलं असतं. तिथून पुढे प्रत्येक पाकिटात शेजारच्या माणसाची बाकी जाते. उपाय साधा आहे: प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "0417-2/3" (यादीतला 417वा माणूस, तीनपैकी दुसरं पान) असा क्रमांक छापा, त्यातला 0417 पाकिटावर घ्या आणि शंभर-शंभरचे गठ्ठे करून प्रत्येक गठ्ठ्याचं शेवटचं पाकीट बंद करण्याआधी जुळवा. जुळलं नाही तर तो एकच गठ्ठा उघडावा लागतो. खिडकीचं (आतला पत्ता पारदर्शक भागातून दिसणारं) पाकीट असेल तर भरलेलं पाकीट टेबलावर आपटून बघा; घडी ढिली असेल तर पत्ता खाली सरकतो, कधी खातेक्रमांक बाहेर दिसतो.

वजन शेवटी करणं. ए-फोर आकाराचा 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम) एक कागद 5 ग्रॅम भरतो. चार पानं एका बाजूने छापली की 20 ग्रॅम तिथेच झाले, वर पाकीट. साध्या पत्राचा टप्पा 20 ग्रॅमचा, म्हणजे प्रत्येक पाकिटाला पुढचा दर. तोच मजकूर पाठपोट छापला तर कागद 10 ग्रॅमवर येतो. कोटेशन देण्याआधी एक नमुना भरून काट्यावर ठेवा.

दरही ताजे घ्या. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. जुन्या दराने "रजिस्टर एडी" (पोहोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्ट) धरून दिलेलं कोटेशन अंगावर येतं. टपालखर्च आगाऊ आणि छपाईपासून वेगळा घ्या. उधारीवर छपाई करता येते, तिकिटं नाही.

जिल्ह्याच्या नावाने गठ्ठे बांधणं. पिनच्या पहिल्या तीन आकड्यांवर लावा. 415 मध्ये सातारा आणि रत्नागिरी दोन्ही येतात, 416 मध्ये कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग.

तारीख उलटी न मोजणं. सहकारी संस्थांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत असते आणि नोटीस पूर्ण 14 दिवस आधी द्यावी लागते. त्यामुळे सगळ्यांची कामं एकदम येतात, तीही बहुतेकदा गणपतीच्या तोंडावर, निम्मी माणसं कोकणात गेलेली असताना. सभेच्या तारखेपासून मागे मोजून यादी देण्याची शेवटची तारीख गिऱ्हाइकाला लेखी कळवा. पोस्टाची पावती जपून ठेवा, संस्थेला पुरावा लागतो.

परत येणाऱ्या पाकिटांचंही आधीच ठरवा. पाठवणाऱ्याचा पत्ता संस्थेचाच छापा, म्हणजे "पत्त्यावर नाही" शेऱ्याची पाकिटं थेट तिथे जातील. काम संपल्यावर यादी तुमच्या कॉम्प्युटरवरून पुसा. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या जाहिरातीसाठी कधीही वापरू नका.