रेसिंगच्या फोटोंसाठी कॅमेरा घेताय? या चुका टाळा

शर्यतीचा मोसम जवळ आला की तोच प्रश्न सुरू होतो. "दादा, वीस फ्रेम्सवाला घेऊ की तीस फ्रेम्सवाला?" म्हणजे सेकंदाला तेवढे फोटो काढणारा कॅमेरा. लेन्स कुठली आहे, ट्रॅकवर कुठे उभं राहायला मिळणार आहे, शर्यत मातीतली आहे की डांबरावरची, यातलं काही कोणी बोलत नाही. बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेतली जाते, बहुतेक वेळा शर्यतीच्या आदल्या आठवड्यात, आणि मग रविवारी रात्री "फोटो असे का आले?" म्हणून मेसेज येतात. त्यातले निम्मे फोटो दुकानातच बिघडलेले असतात. या चुका पुन्हा पुन्हा बघून आता वाईट वाटतं, कारण यात पोरांचे साठवलेले पैसे जातात.

फ्रेम्सचा आकडा बघून बॉडी घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो.

नाशिकजवळच्या एका डर्ट रेसची गोष्ट. कॉलेजात शिकणारा मुलगा, नजर चांगली, मेहनतीला तयार. नवीन मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेऊन आला होता. एका रायडरच्या वडिलांनी त्याला आधीच पैसे दिले होते, कारण त्यांच्या पोराची ती पहिलीच मोठी शर्यत होती. मुलगा दिवसभर उन्हात जंपच्या समोर उभा राहिला आणि त्याने कार्डच्या कार्डं भरली. संध्याकाळी लॅपटॉपवर बघतो तर हवेतल्या बाइकची चाकं लंबगोल, स्पोक केळ्यासारखे वाकलेले, मागचे झेंड्यांचे खांब सगळे एका बाजूला कललेले. त्याला वाटलं लेन्स खराब आहे. सर्व्हिस सेंटरला गेला, तिथून लेन्स "ओके" म्हणून परत आली. मग माझ्याकडे आला. पहिलं वाक्य होतं, "पण शटर स्पीड तर १/२००० होता!"

कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटरवर होता. डब्यावर लिहिलेला मोठा आकडा फक्त त्याच मोडमध्ये मिळत होता, विक्रेत्याने दुकानात तोच मोड लावून दाखवला होता आणि पोराने तो कधी बदललाच नाही. पोडियमचे फोटो छान आले होते, कारण तिथे कोणी हलत नव्हतं. जंपचा मात्र एकही फोटो देण्यासारखा नव्हता, आणि ती पहिली शर्यत काही परत होणार नव्हती.

यात घडतं काय ते समजून घ्या. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर (चित्र टिपणारी चिप) एका ओळीनंतर दुसरी ओळ असा वरून खाली वाचला जातो. साध्या सेन्सरला हे वाचन पूर्ण करायला १/३० सेकंदाच्या आसपास वेळ लागू शकतो. तुम्ही १/२००० लावलंत तर प्रत्येक ओळ १/२००० सेकंदच उघडी असते, हे खरं. पण पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांच्यामधलं अंतर तेच १/३० राहतं. ताशी १८० किमी वेगाची बाइक सेकंदाला ५० मीटर जाते, म्हणजे १/३० सेकंदात दीड मीटरपेक्षा जास्त. तेवढ्या वेळात तिचं चाक जवळजवळ एक फेरा पूर्ण करतं. मग फोटोत चाकाचा वरचा भाग एका क्षणाचा आणि खालचा भाग दुसऱ्याच क्षणाचा येतो. बाइकबरोबर कॅमेरा फिरवलात तर बाइक जागेवर राहते, पण मागचे खांब तिरके होतात.

हा दोष आजचा नाही. फ्रान्सच्या जाक-आँरी लार्तिग यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ग्रां प्रीमधल्या मोटारीचा काढलेला एक फोटो जगभर माहीत आहे: चाक लंबगोल होऊन पुढे झुकलेलं आणि मागचे प्रेक्षक उलट्या दिशेला कललेले. त्या काळच्या कॅमेऱ्यात पडद्याची फट काचेवरून हळूहळू सरकायची, त्याचा तो परिणाम. तो फोटो सुंदर आहे आणि त्यात वेग दिसतो. पण रायडरच्या वडिलांना आपल्या पोराची बाइक सरळ हवी असते.

मेकॅनिकल शटरचे पडदे चार मिलिसेकंदांच्या आसपास फ्रेम ओलांडतात, म्हणून तिथे हा त्रास जाणवत नाही. निकॉन झेड८ आणि झेड९ मध्ये मेकॅनिकल शटर नाहीच, पण त्यांचा स्टॅक्ड (थरांत बनवलेला) सेन्सर तितक्याच झपाट्याने वाचला जातो, त्यामुळे तिथेही चिंता नाही. सोनीच्या ए९ मार्क थ्रीमध्ये सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो. या बॉडी महाग असण्याचं एक मोठं कारण हे आहे. उलट, व्हिडिओवाल्यांसाठी बनवलेल्या काही स्वस्त बॉडींमधून मेकॅनिकल शटर काढून टाकलेलं असतं आणि सेन्सर मात्र साधाच असतो. रेसिंगसाठी त्या घेऊ नका.

म्हणून दुकानात मी विचारतो ते एवढंच: मेकॅनिकल शटरवर, फोकस चालू ठेवून, किती फ्रेम्स? आठ-दहा मिळत असतील तर भरपूर झालं. आणि घेण्याआधी एक चाचणी मी करतोच. दुकानातला छताचा पंखा पूर्ण वेगात चालू असताना १/२००० वर दोन फोटो काढतो, एक मेकॅनिकल शटरने, एक इलेक्ट्रॉनिकने. दुसऱ्या फोटोत पाती कोयत्याच्या आकाराची झाली तर त्या कॅमेऱ्याचा मोठा आकडा ट्रॅकसाठी विसरायचा.

आकड्याच्या मोहाबद्दल आणखी एक. त्याच १८० च्या वेगाला दहा फ्रेम्समध्ये दोन फोटोंच्या मधे बाइक ५ मीटर जाते, तीस फ्रेम्समध्येही दीड मीटरच्या वर. नेमका क्षण अजूनही मधे निसटू शकतो. बटण दाबून धरलं की क्षण आपोआप सापडेल या समजुतीने खूप जण वळणाचा अभ्यासच करत नाहीत. सराव फेऱ्या त्यासाठीच असतात. रायडर ब्रेक कुठे मारतो, गुडघा कुठे टेकतो, कुठल्या जंपवर मान वळवतो, हे कॅमेरा खाली ठेवून बघा. घाई असलेल्यांना हे सांगितलेलं आवडत नाही, तरी सांगतो.

सगळे पैसे बॉडीत आणि लेन्स किटमधली

चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदुरच्या ट्रॅकवर, कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा बुद्ध सर्किटवर तिकीट काढून गेलात तर तुम्ही कुंपणाच्या आणि सुरक्षापट्ट्याच्या मागे असता. मीडिया पास मिळाला तरी मार्शल सांगेल तिथेच उभं राहायचं असतं, आणि त्याच्याशी हुज्जत घालायची नसते. गाडी लांबच असते.

मी एकाला नवीकोरी फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी आणि २४-१०५ मिमीची लेन्स (मिमी जितके जास्त, तितकं लांबचं जवळ दिसतं) घेऊन तिथे उभा पाहिलाय. बॉडीवर त्याने दोन वर्षांची बचत घातली होती. "नंतर क्रॉप करू" म्हणत होता. हिशेब करा. १०५ मिमीच्या फोटोतून ४०० मिमीइतकं चित्र कापून काढलं तर २४ मेगापिक्सेलपैकी दीड-पावणेदोनच उरतात. त्याच पैशांत वापरलेली निकॉन डी५०० किंवा कॅनन ७डी मार्क २ आणि चांगली १००-४०० किंवा १५०-६०० लेन्स आली असती. दोन्ही बॉडी सेकंदाला दहा फ्रेम्स देतात, दोन्हींचा फोकस चपळ आहे, आणि सेन्सर छोटा असल्यामुळे ४०० ची लेन्स फुल-फ्रेमवरच्या ६०० किंवा ६४० सारखं चित्र देते. डी५०० आली २०१६ मध्ये आणि ७डी मार्क २ आली २०१४ मध्ये, पण भर उन्हातल्या शर्यतीला त्या आजही कमी पडत नाहीत. फुल-फ्रेमची हौस नंतर पुरवा.

माझं वाटप ठरलेलं आहे: आधी लेन्स, उरलेल्यात बॉडी. लेन्समध्ये दोन गोष्टी बघतो. मोटर वेगाने फोकस बदलते का, आणि स्थिरीकरणाला पॅनिंगचा (गाडीबरोबर कॅमेरा आडवा फिरवण्याचा) वेगळा मोड आहे का. तो मोड नसेल तर आडवं फिरवताना लेन्स तुमच्या हाताच्या हालचालीशी भांडते, आणि १/६० ला काढलेला पॅन चुकतो.

मोठी लेन्स परवडत नसेल तर भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत सहज मिळतात. शनिवार-रविवारसाठी भाड्याने घेऊन बघितलेल्या माणसाने लाखाची चूक केलेली मला अजून दिसलेली नाही.

कार्ड स्वस्तातलं

कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग बहुतेक वेळा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नाही. ३० एमबीची एक रॉ फाइल (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) धरा. १५ फ्रेम्सने सेकंदाला ४५० एमबी तयार होतात. साध्या यूएचएस-१ (कमी वेगाच्या प्रकारच्या) कार्डाने त्यातले ९० एमबी घेतले तरी खूप. ३० फोटोंचा बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) दोन सेकंदांत भरतो आणि तो रिकामा व्हायला दहा सेकंद लागतात. पहिल्या वळणावर गर्दी होते, कोणीतरी पडतं, आणि तुमचा कॅमेरा लाल दिवा लावून बसलेला असतो. कार्ड घेताना व्ही६० किंवा व्ही९० ही खूण बघा. ती लिहिण्याच्या किमान वेगाची हमी आहे. आणि त्याआधी बॉडीचा स्लॉट यूएचएस-२ आहे का ते बघा, नाहीतर महागडं कार्ड घेऊनही उपयोग नाही. मी स्वतः छोटे बर्स्ट मारतो, चार-पाच फोटोंचे, आणि बोट उचलतो. बफर भरायची वेळच येत नाही.

फोकस कारखान्यातून आला तसाच ठेवणं

सिंगल फोकसवर पळती गाडी येणार नाही. सततच्या फोकसवर लावा: काही कंपन्या त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननवाले सर्वो. नव्या बॉडींत वाहन ओळखण्याची सोय असते. ती घेताना एक बारकावा तपासा. काही कॅमेऱ्यांत "वाहन" म्हणजे मोटार आणि दुचाकी दोन्ही धरतात, काहींत यादी वेगळी असते. फक्त मोटोक्रॉस (मातीतली दुचाकी शर्यत) काढणार असाल तर हा फरक मोठा आहे. शिवाय तिथे पुढचा रायडर मागच्याला झाकतो आणि मातीचा लोट मधे येतो, तेव्हा ही ओळख हमखास गडबडते. अशा वेळी मी छोटा फोकस-चौकोन लावून स्वतःच हेल्मेट पकडतो.

धुळीकडे दुर्लक्ष

बॉडीचे आणि लेन्सचे जोड सीलबंद हवेत, दोन्हींचे. एकाच बाजूला सील असून भागत नाही. ट्रॅकच्या कडेला लेन्स बदलू नका.

यात एक छुपी गोम आहे. पॅनिंगसाठी १/६० लावलं की आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० लाही लेन्सचं छिद्र एफ/१६ च्या पलीकडे बंद करावं लागतं. एवढ्या लहान छिद्राला सेन्सरवरचा एकेक कण काळा ठिपका होऊन दिसतो, आणि तोही निळ्या आकाशावर. म्हणून ज्या बॉडीत आयएसओ ६४ आहे तिला माझ्याकडे जादा गुण. नसेल तर पोलरायझर फिल्टर लावतो. तो प्रकाश दीड-दोन स्टॉपनी (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश) कमी करतो.

आणि शटर स्पीड सतत १/२००० ठेवणाऱ्यांना विनंती आहे: डांबरावरची गाडी तशी काढली तर ती पार्क केलेली दिसते. १/१२५ पासून सुरुवात करा, हात बसला की खाली या. जंप वेगळी, तिथे १/१००० च्या वर खुशाल जा.

रात्रीची शर्यत गृहीत न धरणं

आता दिव्यांखालच्या शर्यती आपल्याकडेही होतात. २०२४ मध्ये चेन्नईत आयलंड ग्राउंड्सभोवती रस्त्यावर रात्री मोटारी धावल्या, आणि त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस झालं. तिथे एफ/६.३ ची (कमी प्रकाश घेणारी) लांब लेन्स घेऊन गेलात तर आयएसओ कुठच्या कुठे जातो. ७०-२०० एफ/२.८ हीच खरी सोबत. मेकॅनिकल शटर लावा आणि फ्लिकर (दिव्यांची लुकलुक) कमी करण्याची सोय चालू करा, नाहीतर एलईडी दिव्यांमुळे फोटोत पट्टे येतात किंवा एक फ्रेम उजळ आणि पुढची काळवंडलेली निघते. फ्लॅश वापरायचा विचारही करू नका. रायडरच्या डोळ्यांवर प्रकाश मारणं धोक्याचं आहे.

बॅटरी एकच घेणं

दोन तरी हव्यात, त्याही मूळ कंपनीच्या. मिररलेस दिवसभर व्ह्यूफाइंडर चालवते, जुन्या डीएसएलआरचा हिशेब तिला लावू नका.

वापरलेली बॉडी हातात न घेता घेणं

वापरलेल्या बॉडीची मी बाजू घेतो, पण ऑनलाइन फोटो बघून पैसे पाठवणाऱ्यांची नाही. शर्यतीत वापरलेल्या बॉडीचं शटर भराभर झिजतं. डी५०० आणि ७डी मार्क २ या दोन्हींच्या शटरची चाचणी कंपनीने दोन लाख वेळांसाठी केलेली आहे. आधी शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा) विचारा. माउंटचे स्क्रू आणि कार्ड स्लॉटच्या पिना बघा, रबराखाली लाल माती अडकली आहे का ते नखाने तपासा.

मग तुमची लेन्स लावून विक्रेत्याबरोबर रस्त्यावर या. फुटपाथवर उभं राहून समोरून येणाऱ्या दुचाकींवर बर्स्ट मारा, दूर असल्यापासून अगदी जवळ येईपर्यंत. आडव्या जाणाऱ्या गाडीवर फोकस कुठलाही कॅमेरा धरतो. अंगावर येणाऱ्या गाडीवर खरी कसोटी लागते. फोटो पूर्ण मोठे करून बघा. शेवटच्या चार-पाच फ्रेम्समध्ये फोकस हेल्मेटवर आहे की मागच्या रिक्षावर गेलाय? असं दहा-बारा गाड्यांवर करा. विक्रेता बाहेर यायला तयार नसेल तर कॅमेरा परत द्या आणि दुसरा शोधा.