माहिती भरपूर, मुद्दा लंगडा: वादविवादाच्या तयारीत या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईतील महाविद्यालयांत वादविवादाकडे वळणारे बहुतेक विद्यार्थी शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांतून आलेले असतात. सभाधीटपणा, स्वच्छ उच्चार आणि पाठांतर हे त्यांचे भांडवल मोलाचेच आहे. परंतु पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच त्यांना कळून चुकते की टाळ्या मिळाल्या म्हणून गुण मिळतात असे नाही, आणि समोरच्या बाजूने खंडन केल्यावर आपल्या मांडणीतले किती शिल्लक उरले हे परीक्षक बारकाईने पाहतात. ते बहुधा आदल्या आठवड्यातल्या तयारीवरच ठरते.

माहितीलाच मुद्दा समजणे

सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक हीच. समजा, विषय आहे 'ठाणे शहरात गर्दीच्या वेळी खासगी मोटारींवर शुल्क आकारावे'. अनुकूल बाजूचा विद्यार्थी मेहनतीने वाचतो आणि व्यासपीठावरून सांगतो की सिंगापूरने १९७५ मध्ये व लंडनने २००३ मध्ये असे शुल्क सुरू केले, आणि स्टॉकहोममध्ये शुल्काच्या हद्दीतून ये-जा करणारी वाहने सुमारे २० टक्क्यांनी घटली. 'म्हणून ठाण्यातही हे व्हायला हवे' एवढे म्हणून तो खाली बसतो. सांगितलेले सगळे खरे असते, तरीही प्रतिकूल बाजूला एकच प्रश्न पुरतो: मोटार घरी ठेवली, तर घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या माणसाने सकाळी कामावर कशाने जायचे? तिथे जे घडले ते इथे का घडेल, हा दुवा वक्त्याने जोडलेलाच नसतो.

हा दुवा पुष्कळदा वाचलेल्या मजकुरातच असतो, फक्त त्याकडे लक्ष गेलेले नसते. स्टॉकहोमने जादा बसगाड्या ऑगस्ट २००५ मध्येच सुरू केल्या होत्या, तर शुल्काची चाचणी जानेवारी ते जुलै २००६ या काळात झाली. वाहने ठळकपणे घटली ती शुल्क सुरू झाल्यावर, चाचणी थांबताच ती पुन्हा बरीच वाढली आणि २००७ मध्ये शुल्क कायमचे लागू झाले. तारखांचा हा क्रम नीट मांडला, तर नुसत्या बस वाढवून भागत नाही, हे अनुकूल वक्त्याला दाखवता येते. प्रतिकूल वक्त्यालाही तोच क्रम हाताशी येतो, कारण शुल्काआधी बस आल्या होत्या आणि ठाण्यात तसे झालेले नाही, हे तो ठासून सांगू शकतो. याच विषयावर बोलताना, ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली, हे विसरून चालणार नाही. आनंदनगर, ऐरोली आणि वाशीचे नाके तर आपल्या दारातलेच आहेत. एकदा माफ केलेला भार लोक पुन्हा का स्वीकारतील, हा प्रश्न येणारच.

यावर उपाय साधा पण कष्टाचा आहे. प्रत्येक मुद्द्याखाली 'हे कशामुळे घडेल?' आणि 'ते इथे का घडेल?' या दोन प्रश्नांची उत्तरे पूर्ण वाक्यांत लिहावीत. उत्तर लिहिता येत नसेल, तर मुद्दा अजून तयार झालेला नाही असे समजून पुन्हा वाचनाकडे वळावे.

आकड्याची हद्द न पाहणे

ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख आहे, असे अजूनही सर्रास सांगितले जाते. हा आकडा २०११ च्या जनगणनेचा आहे आणि तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी तो जिल्हा वेगळा झाला, तेव्हा या आकड्यातून सुमारे ३० लाख लोक वजा करावे लागतात. नवी मुंबईबाबत याहून मोठा घोळ होतो. खारघर, कामोठे, कळंबोली ही सिडकोने वसवलेली नगरे बोलण्यात नवी मुंबईच असतात, पण ती रायगड जिल्ह्यात आणि पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत येतात. त्यांच्यासाठी नवी मुंबई महानगरपालिकेचा पाणीपुरवठ्याचा आकडा वापरला, तर जाणकार प्रतिस्पर्धी तेवढ्या एका चुकीवरून अख्ख्या भाषणाबद्दल शंका निर्माण करतो, आणि ते योग्यच आहे.

शिक्षणावरच्या विषयांत 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणी अहवालाचा दाखला हमखास येतो. ही पाहणी ग्रामीण भागात घरोघरी जाऊन केली जाते, त्यामुळे तिच्यावरून वर्तकनगर किंवा कोपरखैरण्यातल्या शाळांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. बेरोजगारीच्या दराचेही तसेच आहे: काम नसलेला आणि काम शोधत असलेला माणूसच त्यात बेरोजगार म्हणून मोजला जातो, पूर्ण वेळ शिकणारा आणि काम न शोधणारा विद्यार्थी मोजला जात नाही. म्हणून वहीत आकडा टिपताना तो कोणी काढला, कोणत्या वर्षी, कोणत्या भागासाठी आणि त्यात कोणाला मोजले, हे त्याच ओळीत लिहून ठेवावे. बातमीतला आकडा मिळाला, तर ती बातमी ज्या मूळ अहवालावर आधारली आहे तिथपर्यंत जावे. जनगणना आणि राज्याची आर्थिक पाहणी इंटरनेटवर सर्वांना खुली आहेत. जुन्या सामाजिक प्रश्नांसाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात एक दुपार घालवावी. १८९३ पासूनच्या या संस्थेतील पुस्तके प्रश्नाचा पूर्वेतिहास उलगडून दाखवतात, तो शोधयंत्राच्या पहिल्या पानावर सहसा सापडत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून उत्तर घेतले, तर त्यातला प्रत्येक दाखला मूळ ठिकाणी आहे का, ते स्वतः पाहावे. अस्तित्वातच नसलेले अहवाल ही साधने पूर्ण आत्मविश्वासाने सांगतात.

विरोधी बाजू शेवटी वाचणे

अनेक मराठी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत एकाच महाविद्यालयाच्या जोडीतला एक जण अनुकूल आणि दुसरा प्रतिकूल बोलतो. दोघे आपापले भाषण एकट्याने तयार करतात आणि घरात आयता मिळालेला प्रतिस्पर्धी वाया जातो. त्यांनी स्पर्धेपूर्वी एकदा तरी बाजूंची अदलाबदल करून बोलावे. एकाच फेरीत चार संघ बोलतात त्या ब्रिटिश पार्लमेंटरी वादविवाद पद्धतीत तर विषय हाती पडल्यावर तयारीला फक्त १५ मिनिटे मिळतात आणि बाजू निवडता येत नाही, त्यामुळे एकाच बाजूने विचार करण्याची सवय तिथे पहिल्याच फेरीत उघडी पडते.

प्रतिस्पर्ध्याचा सर्वांत दुबळा मुद्दा खोडून काढणे, हीदेखील त्यातूनच येणारी खोड आहे. तो मुद्दा परीक्षकाने मनातून आधीच बाद केलेला असतो. ऐकताना कागदाचे दोन उभे रकाने करावेत, डावीकडे त्यांचे मुद्दे आणि उजवीकडे आपले उत्तर. घंटेपूर्वी जो मुद्दा उत्तराविना उरेल आणि ज्यावर त्यांची सगळी मांडणी उभी असेल, त्याच्यावरच वेळ खर्च करावा. त्यांचे म्हणणे मांडताना ते त्यांनाही मान्य होईल अशा शब्दांत मांडावे, नाहीतर उत्तर कितीही चांगले असले तरी ते न केलेल्या विधानाला दिलेले ठरते.

निकालानंतर परीक्षकांना 'मी कसा बोललो?' असे विचारू नये, त्याला ठोस उत्तर मिळणे कठीण असते. 'माझा कोणता मुद्दा आपल्याला पटला नाही आणि त्यात काय कमी होते?' असे विचारावे, उत्तर तिथल्या तिथे लिहून घ्यावे, आणि त्याच आठवड्यात तोच विषय, तीच बाजू घेऊन जोडीदारासमोर पुन्हा बोलावे.